दरड कोसळलेल्या वाडीसाठी मंडळीने प्रार्थना कशी करावी आणि मदत कशी न्यावी?

प्रश्न : एका मंडळीचा सचिव, पनवेल परिसर

सर्वांना सलाम.

मी पनवेल परिसरातील एका लहान प्रोटेस्टंट मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पंच कमिटीचा सचिव आहे. पावसाळा तोंडावर आला की आमच्या कमिटीत दरवर्षी एक विषय निघतो आणि दरवर्षी तो अर्धवट राहतो. यंदा तो तडीस न्यावा, असे ठरवून येथे लिहीत आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गुरुवारी सकाळी बातमी आली तेव्हा आमच्या मंडळीतील तरुणांनी तासाभरात पैसे गोळा करायला सुरुवात केली, स्त्री मंडळाने धान्याची पाकिटे बांधली आणि शनिवारी आम्ही टेम्पो घेऊन जवळच्या चौक या गावी पोहोचलो. येथपर्यंत सर्व ठीक होते. मात्र टेम्पोच्या पुढच्या बाजूला मंडळीच्या नावाचा मोठा फलक लावलेला होता, आणि त्या फलकावरचा मजकूर मीच लिहिला होता. पाकिटांमध्ये कोणीतरी शुभवर्तमानाची पत्रके सरकवली होती. वाडीतील एका मध्यमवयीन गृहस्थांनी पाकीट उघडले, पत्रक बाहेर काढले, नीट घडी घातली आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणूनच ती घडी मला आजही आठवते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २३ जुलैला, रविवार होता. शोधकार्य थांबवण्याचा निर्णय त्याच दिवशी झाला. सकाळच्या उपासनेत आमच्या एका ज्येष्ठ पंचांनी प्रार्थना करताना, “हे प्रभू, या घटनेतून पाप्यांचे डोळे उघड,” असे शब्द उच्चारले. आमच्यातील एक आजी, ज्यांचे माहेर किल्लारीच्या बाजूचे आहे, प्रार्थना संपण्याआधीच उठल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. त्यानंतर कित्येक आठवडे त्या उपासनेला आल्या नाहीत.

आता कमिटीत दोन बाजू आहेत. तरुणांचे म्हणणे असे की, प्रार्थनासभा वगैरे बाजूला ठेवावी, रोख मदत आणि श्रमदान करावे आणि परत यावे. त्या ज्येष्ठ पंचांचे म्हणणे असे की, ख्रिस्ताचे नावच घ्यायचे नसेल तर मंडळी आणि एखादी स्वयंसेवी संस्था यांत फरक तो काय राहिला? मला दोघांचेही म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशा प्रसंगी प्रत्यक्ष काम केले आहे किंवा अशी मदत ज्यांच्या दारापर्यंत आली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी लिहिले तर अधिकच आनंद होईल.

उत्तर : निवृत्त पाळक, अहिल्यानगर

सचिव महाशय, सलाम.

आपल्या त्या आजी व्हरांड्यात का गेल्या, हे मला समजू शकते, कारण मी किल्लारीला गेलो होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले होते आणि गावेच्या गावे उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ती घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचे जाड माळवद असलेली होती; उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यात नवखा पाळक होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही काही जण ब्लँकेटे, औषधे आणि, आता सांगताना संकोच वाटतो, गायनाची पुस्तके घेऊन तेथे पोहोचलो. एका ढिगाऱ्यावर एक वृद्ध गृहस्थ एकेक दगड उचलून बाजूला ठेवत होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकलेले सर्व काही एका वाक्यात सांगावे तसे, “बाबा, देवाची इच्छा,” असे म्हणालो. ते माझ्याकडे पाहून थोडे पलीकडे सरकले आणि पुन्हा दगड उचलू लागले. आमच्याबरोबर एक वयस्कर मंडळीसेवक होते. त्यांनी चप्पल काढून ठेवली, धोतर खोचले आणि त्या बाबांच्या शेजारी बसून तेही दगड उचलू लागले. तासाभराने जात्याची एक तळी सापडली. ती पाहिल्यावर बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडले आणि आपल्या सुनेचे नाव घेतले. आमच्या त्या मंडळीसेवकांनी दिवसभरात एकही वचन उच्चारले नाही. संध्याकाळी बाबांनीच त्यांना विचारले, “तुम्ही कोणत्या गावचे?”

आता आपल्या ज्येष्ठ पंचांच्या प्रार्थनेविषयी. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु त्या वाक्याला प्रभू येशूचाच स्पष्ट नकार आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे दगावल्याची घटना येते. तीही त्या काळची ताजी बातमीच असणार. ही अठरा माणसे यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न प्रभूने विचारला आणि स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. पश्चात्तापाचा उल्लेख त्यापुढे आहे, हे खरे. पण तो ऐकणाऱ्यांना उद्देशून आहे. बुरुजाखाली सापडलेल्यांच्या पापांचा हिशेब तेथे मांडलेला नाही. आपले पंच ‘माझे डोळे उघड’ असे म्हणाले असते, तर माझी काहीही तक्रार नसती.

पवित्र शास्त्रातील सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांची नेहमी निंदा होते, परंतु त्यांनी सुरुवातीला केलेली एक गोष्ट आपण विसरतो. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांनी पाहिले होते. त्यांची चूक आठव्या दिवशी सुरू झाली, जेव्हा त्यांनी कारणे शोधायला प्रारंभ केला. आपल्या मंडळ्यांना पहिले सात दिवस जमत नाहीत. आपण थेट आठव्या दिवसापासून आरंभ करतो.

विलाप करणे हे आपल्या शास्त्रात अविश्वासाचे लक्षण मानलेले नाही. त्या नावाचा एक संपूर्ण ग्रंथच आपल्या पवित्र शास्त्रात आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराचा उल्लेख करूनच थांबते, शेवटी आशेची एखादी ओळही जोडत नाही. बेथानी गावात मरण पावलेल्या लाजराला आपण पुन्हा उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू रडला. असे असताना दुर्घटनेनंतरच्या पहिल्याच रविवारी आपण विजयाची गाणी का गातो, हे मला इतक्या वर्षांच्या सेवेत उलगडलेले नाही. माझी सूचना अशी की, त्या रविवारी नेहमीची आराधना आटोपती घ्यावी, मृतांच्या गावाचे नाव स्पष्ट उच्चारावे, काही वेळ खरोखर शांत बसावे (दोन मिनिटे म्हणजे दोन मिनिटे, वीस सेकंद नव्हेत), आणि उपदेशात त्या घटनेचे स्पष्टीकरण देण्याच्या मोहापासून दूर राहावे.

पत्रकांविषयी थोडे कठोर लिहितो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ‘दुष्काळात बाटलेले’ हा टोमणा ऐकावा लागला. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांना जगवले, शिकवले, हातांना काम दिले. हे काम इतके मोठे की त्यापुढे नतमस्तक व्हावे. परंतु त्याआधीच, १८९३ मध्ये, रमाबाईंच्याच शारदा सदन या शिक्षणसंस्थेतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जात असल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली होती. त्या वादात कोण किती बरोबर होते, यावर आजही मतभेद आहेत आणि मला येथे त्यात शिरायचे नाही. एवढेच सांगतो की, उपाशी माणसाच्या हातात अन्न आणि पत्रक एकत्र दिले, की त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक उरत नाही. ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकार प्रभूला तरी कसा चालेल? त्या गृहस्थांनी घडी घालून परत दिलेले पत्रक जपून ठेवा आणि कमिटीच्या पुढील सभेत टेबलावर ठेवा.

उत्तर : परिचारिका, वसई

नमस्कार. मी कॅथलिक आहे आणि परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे अपघात विभागात गेली. पाळकसाहेबांनी लिहिलेल्या शास्त्रवचनांत भर घालण्याची माझी योग्यता नाही. मी फक्त खाटेजवळ उभे राहून जे पाहिले ते सांगते.

दुःखी माणसाला सांत्वनाची वाक्ये बहुधा आठवतच नाहीत, परंतु टोचलेली वाक्ये तो वर्षानुवर्षे विसरत नाही. “देवाला आवडला म्हणून देवाने नेला”, “तुम्ही तरी वाचलात, आभार माना”, “लेकरू देवदूत झाले”, “रडू नका, धीर धरा” ही चारही वाक्ये मी स्वतः ख्रिस्ती माणसांच्या तोंडून ऐकली आहेत, आणि सुरुवातीच्या काळात त्यांतली दोन माझ्याही तोंडून गेली आहेत. ती बोलणाऱ्याची घालमेल कमी करतात, ऐकणाऱ्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटग्रस्तांसाठी मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचा गाभा तीन कृतींत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे आधी जागा सुरक्षित आहे का आणि कोणाला तातडीने काय हवे आहे ते पाहायचे; मग बोलायचे असेल त्याचे ऐकायचे; आणि मग त्याला त्याच्या नातेवाइकांशी, औषधपाण्याशी, सरकारी मदतीशी जोडून द्यायचे. कोणाकडूनही त्या रात्रीची हकीकत आग्रहाने वदवून घ्यायची नाही, हे तेथे विशेषत्वाने बजावलेले आहे. आपल्याकडे भेटायला जाणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न कोणता विचारतो? “नेमके काय झाले हो?” त्या वाडीतील माणसांनी एका दिवसात ती रात्र किती वेळा सांगितली असेल, याचा विचार करा.

प्रार्थना करू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. रात्रपाळीत मी मनातल्या मनात तेर्साचे (जपमाळेचे) मणी ओढतच असे. परंतु रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करण्याआधी, “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” असे विचारायला हवे, आणि तेही नुसते औपचारिकपणे नव्हे, समोरचा ‘नको’ म्हणाला तर आपला चेहरा उतरू न देता, “बरे, मग पाणी आणू का?” असे म्हणता आले पाहिजे. अनोळखी गावात तर हे विचारण्याचीही घाई नको. आपण मोकळ्या हातांनी वारंवार जाऊ लागलो की, माणसे आपणहून विचारतात.

‘वारंवार’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आपल्याकडे ज्या घरी मृत्यू होतो तेथे चूल पेटत नाही आणि शेजारी पिठलंभात आणून देतात. ही रीत हिंदू, ख्रिस्ती सर्वांचीच आहे आणि ती आपण कोणाकडूनही शिकलेलो नाही. मात्र ती पहिल्या काही दिवसांची असते. खरी पोकळी त्यानंतर येते, जेव्हा टेम्पो बंद होतात आणि वार्ताहर निघून जातात. दरडीतून वाचलेल्या मुलासाठी पुढच्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस कसा असेल? त्या रात्री पत्र्यावर सरी वाजू लागल्या की, ते मूल झोपणार नाही. त्या आठवड्यात तेथे कोणी असेल का? आमच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दोघा-दोघांच्या जोडीने ठरलेल्या कुटुंबांच्या घरी जातात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी हे काम सुरू केले, तेव्हापासून घरी जाऊन भेटणे हेच त्याचे मुख्य अंग आहे. आपली मंडळी लहान आहे, हे येथे सोयीचेच आहे. पूर्ण वाडीची जबाबदारी घेऊ नका. तीन किंवा चार कुटुंबे घ्या आणि दोन वर्षे सोडू नका.

आणखी एक. आमच्याकडे मृतांसाठी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करतात, २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करतात. आपल्याकडे मृतांसाठी प्रार्थना करण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. या मतभेदाची चर्चा येथे नको. परंतु मृतांचे स्मरण करायला तर आपलीही हरकत नसावी. वर्षाने १९ जुलै आला की, उपासनेत त्या वाडीचे नाव निदान एकदा घेतले जावे.

उत्तर : शिक्षक, कर्जत तालुका

मी ख्रिस्ती नाही. सचिवांनी आम्हांलाही बोलावले, म्हणून लिहितो. माझी नोकरी आदिवासी मुलांच्या शाळेत आहे आणि माझ्या वर्गात ठाकर आणि कातकरी मुले आहेत.

प्रथम त्या जागेविषयी, कारण मदत नेणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नव्हती. इर्शाळवाडी ही इर्शाळगडाच्या पोटातली ठाकरांची वस्ती होती. ४८ कुटुंबे, २२८ माणसे. तेथे गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलाच्या पायवाटेने चढून जावे लागे, त्यामुळे खोदाईची यंत्रे वर नेता आली नाहीत आणि जवानांनी, गिर्यारोहकांनी, आसपासच्या गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी आणि घमेल्यांनी माती उपसली. चढ चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चार दिवसांत २७ मृतदेह मिळाले. उरलेली ५७ माणसे मातीखालीच राहिली आणि त्यांना मृत घोषित करण्यात आले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावही नव्हते.

या ५७ आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्यांना देह मिळाला नाही, त्यांनी अंत्यविधी कशाचा करायचा? आणि कागदोपत्रीही अडचण असतेच. एरवी बेपत्ता माणूस कायद्याने मृत मानला जाण्यासाठी सात वर्षे जावी लागतात. अशा आपत्तीत सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो आणि मगच दाखला, वारसनोंद, मदतीची रक्कम ही साखळी पुढे सरकते. त्या साखळीतला प्रत्येक कागद घरासोबत गाडला गेलेला असतो : आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले. शहरातून येणाऱ्यांना तांदूळ दिसतो, कागद दिसत नाही. आपल्या मंडळीत कोणी निवृत्त कारकून, वकील किंवा बँकेतील कर्मचारी असतील, तर त्यांचे चार दिवस पाच पोती धान्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील. तहसील कार्यालयात रांगेत उभे राहणे, अर्ज भरून देणे, ‘साहेब आज नाहीत’ हे ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, याला आपण काय म्हणाल ते म्हणा. माझ्या दृष्टीने ती सेवाच आहे.

अशा आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात रस्त्याला एवढी वाहने लागतात की खरी निकड असलेले वाहन अडकून पडते, आणि जुन्या कपड्यांचा तर डोंगर होतो. फाटक्या जीन्स, लग्नातल्या साड्या, एका पायाचे बूट. ज्याचे सर्वस्व गेले त्याला आपण आपला नकोसा माल देत आहोत, हे देणाऱ्याच्या लक्षात कसे येत नाही? निघण्यापूर्वी तहसीलदार कार्यालयातील मदत कक्षाला किंवा स्थानिक ग्रामपंचायतीला दूरध्वनी करून काय हवे आहे, असे विचारणे एवढे कठीण नाही. पावसाळ्यात बहुधा उत्तर मिळते ते असे : ताडपत्री, विजेरी, चपला, सॅनिटरी पॅड, बालकांसाठी दूध, वह्या.

प्रार्थनेविषयी मी काय बोलावे? ठाकरांचे स्वतःचे देव आहेत, मृतांसाठी स्वतःचे विधी आहेत, ते करणारी जाणती माणसे आहेत. दुःखाच्या काळात माणसाला आपल्याच भाषेतला आणि आपल्याच रीतीचा आधार लागतो. त्या विधीसाठी लागणारे सामान आणि जागा मिळेल एवढे आपण पाहिलेत, तर त्यांना ते पुरेसे आहे. आपण आपल्या चर्चमध्ये, आपल्या देवासमोर त्यांच्यासाठी काय मागता, त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. उलट कोणीतरी आपल्याला आठवते आहे, हे कळल्यावर बरेच वाटते. परंतु मुलांना रांगेत बसवून, डोळे मिटायला सांगून, त्यांची छायाचित्रे काढली जातात, तेव्हा वर्गशिक्षक म्हणून मला फार त्रास होतो. आणि हे केवळ ख्रिस्ती लोकांनी केलेले मी पाहिलेले नाही; सर्व रंगांच्या झेंड्यांखाली पाहिले आहे.

उत्तर : महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

मी सचिव काकांच्या मंडळीतील ‘तरुणां’च्या बाजूची आहे, म्हणजे मंडळी वेगळी, पण भांडण हेच. याकोबाच्या पत्रात लिहिले आहे की, भाऊ किंवा बहीण उघडी असेल, रोजच्या अन्नाला मोताद असेल आणि आपण नुसते “सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा” असे म्हटले, तर त्याचा काय उपयोग? ‘आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत’ असे समाजमाध्यमांवर लिहिणे हे मला त्या वाक्याचेच आजचे रूप वाटते. जी प्रार्थना झाल्यावर आमच्या खिशातून काही जात नाही आणि रविवारची दुपारची झोपही मोडत नाही, तिला प्रार्थना का म्हणावे, हे ज्येष्ठांनी समजावून सांगावे. माझा सूर उद्धट वाटला असल्यास क्षमा असावी.

उत्तर : निवृत्त पाळक, अहिल्यानगर

उद्धटपणा अजिबात नाही, मुली. फक्त एक विचार. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सम्राट क्लौद्याच्या काळातल्या दुष्काळाचा उल्लेख आहे. अंत्युखियातील शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ती यहूदीयातील बांधवांकडे पोहोचवली. कोणी किती द्यावे, कोणी घेऊन जावे, कोणाच्या हाती सोपवावे, हे सर्व तेथे ठरलेले दिसते. ती माणसे प्रार्थना करणारी होती, म्हणूनच दुष्काळाचे भाकीत करणाऱ्या आगाब या संदेष्ट्याचे शब्द ऐकून त्यांना लगेच दूरच्या लोकांची भूक आठवली. माझ्या अनुभवात, प्रार्थना करणारी माणसे दोन महिन्यांनंतरही टिकून राहतात, कारण त्यांना दर रविवारी ते नाव पुन्हा घ्यावे लागते आणि नाव घेतले की लाज वाटते. नुसत्या उत्साहाने आलेली माणसे (त्यांत आमचेही लोक आले) पहिल्या पंधरवड्यात थकतात. तरीही तुझा मुद्दा योग्य आहे. प्रार्थनेत जे मागितले, त्यांपैकी कोणते काम कोण करणार, हे उपासना संपताच ठरवावे, आणि मगच चहाला जावे.

सचिवांनी मला खासगी निरोप पाठवून उपासनेसाठी मध्यस्थीची प्रार्थना लिहून मागितली आहे. कोणालाही ती वापरता यावी, म्हणून येथेच देतो. गाळलेल्या जागी गावाचे नाव घालावे.

“हे दयाळू पित्या, आज आम्हांला शब्द सुचत नाहीत, आणि ते तू जाणतोस. आम्ही तुझ्यासमोर ______ या वाडीचे नाव घेतो. रात्री जेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत. असे का झाले, हे आम्हांला कळत नाही, आणि कळल्याचे सोंग आम्ही तुझ्यासमोर करणार नाही. ज्यांना आपल्या माणसाचा देह मिळाला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना तोही मिळाला नाही त्यांच्यासाठी आम्ही विनंती करतो. ज्या मुलांना आता कोणी हाक मारणारे उरले नाही, त्यांच्याजवळ राहा. माती उपसणाऱ्या हातांना बळ दे, त्यांचे प्राण सांभाळ. कचेरीत बसून नावांच्या याद्या करणाऱ्यांना सबुरी आणि प्रामाणिकपणा दे. बेघर झालेल्या आदिवासी बांधवांना निवारा दे. आणि आमच्यासाठी मागतो ते हे की, आमची दया आठवड्याभरात आटू देऊ नकोस. जेथे बोलू नये तेथे आमचे तोंड आवर, आणि जेथे जायला हवे तेथे आमचे पाय ने. लाजराच्या कबरेजवळ रडलेल्या येशूच्या नावाने मागतो. आमेन.”

प्रश्नकर्ता सचिव, पनवेल परिसर

सर्वांचा ऋणी आहे. काल रात्री पंच कमिटीची सभा झाली. आपली उत्तरे मी छापून नेली होती आणि पाळकसाहेबांच्या सूचनेप्रमाणे ते पत्रकही टेबलावर ठेवले.

काही गोष्टी ठरल्या. वाहनावर आणि पाकिटांवर मंडळीचे नाव राहणार नाही. हिशेबासाठी पावती पुस्तकात मात्र पै न पै लिहिली जाईल आणि तो हिशेब उपासनेनंतर वाचून दाखवला जाईल. निघण्याआधी तहसील कार्यालयाला विचारले जाईल. मुलांची छायाचित्रे कोणीही काढणार नाही. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले दोघे आणि न्यायालयात टंकलेखक असलेल्या एक भगिनी आहेत. त्या तिघांनी कागदपत्रांचे काम अंगावर घेतले आहे, आणि शिक्षक महोदयांची परवानगी असल्यास ते त्यांच्याकडून आधी सर्व समजून घेऊ इच्छितात. वसईच्या ताईंच्या म्हणण्याप्रमाणे कुटुंबे चारच घ्यायची, यावर एकमत झाले.

पत्रकांवर एकमत झाले नाही. आमचे ज्येष्ठ पंच म्हणाले, “पाकिटात घालू नका, हे मला मान्य आहे, परंतु मला कोणी विचारले की तुम्ही का आलात, तर मी ख्रिस्ताचे नाव घेणार.” त्यांना कोणी विरोध केला नाही. विचारल्यावर काय सांगायचे आणि न विचारता काय सांगायचे नाही, एवढी रेघ ओढून सभा आटोपली. ती रेघ पुरेशी आहे की नाही, याविषयी माझ्या मनात अजून शंका आहे.

किल्लारीच्या आजींना मी आज सकाळी भेटलो आणि वरील प्रार्थना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि ‘जेवून झोपलेली माणसे’ या ठिकाणी मला थांबवले. म्हणाल्या, “आमच्याकडे विसर्जनाहून येऊन कित्येक जण न जेवताच झोपले होते.” मग तेवढा शब्द काढावा, असे आम्ही ठरवले. उपासनेत ही प्रार्थना त्यांनीच म्हणावी, अशी विनंती मी केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

शिक्षक, कर्जत तालुका

परवानगी कसली मागता? शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तिघांनीही यावे. येताना कोरे अर्ज आणू नका, ते माझ्याकडे आहेत. शाईचा पॅड मात्र आणा, अंगठ्यांसाठी लागतो.

प्रार्थनेत एक दुरुस्ती सुचवू का? ‘बेघर झालेल्या आदिवासी बांधवांना’ या ठिकाणी ‘ठाकर’ किंवा ‘कातकरी’, जे असतील ते, स्पष्ट म्हणावे. त्यांना त्यांचे नाव आहे. आणि इर्शाळवाडीचे स्मरण करताना ‘बेघर’ हा शब्द वगळावा. वाचलेल्यांसाठी चौकजवळ सिडकोने ४४ घरे बांधली आहेत. घर खाली आले तरी माणसाचे रान, वाट आणि मातीखालची माणसे वर डोंगरावरच राहतात. मागायचेच असेल तर त्याबद्दल काही मागा.